रात्रीच्या श्वासाचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यात्याने साहित्य, संगीत किंवा इतिहास यांपैकी एखादा रम्य विषय निवडावा, असा प्रघात आहे. तो मोडून मी आज आजाराविषयी बोलणार आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. दुसरी क्षमा अधिकाराविषयीची. मी वैद्य नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या लेखा खात्यात शिरलो आणि तीस वर्षे जमाखर्च तपासण्यात घालवली. तेव्हा जे सांगणार आहे ते रुग्णाच्या घरातला एक माणूस या नात्याने, आणि पुढे डॉक्टरांना विचारून व वाचून जे उमगले त्याच्या आधारे. उपचाराचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाचा आहे.

विषय असा : ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि जे डायलिसिसवर आहेत, त्यांची रात्रीची झोप आणि त्यांचे हृदय यांचा संबंध काय?

माझे थोरले बंधू माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. सातारा जिल्ह्यात त्यांनी सारी हयात शिक्षकी पेशात घालवली. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे निकामी केली, तेव्हा २०१८ च्या उन्हाळ्यात मी त्यांना आणि वहिनींना येथे जयनगरला आमच्या घरी आणले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झाले. दादांनी कुरकूर न करता ते नवे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकासारखे अंगवळणी पाडून घेतले. मात्र एक गोष्ट बदलली. वर्तमानपत्र हाती घेतले की पाच मिनिटांत मान कलंडे आणि चष्मा नाकावरून घसरे. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून ते झोपी जात.

एके दिवशी सकाळी चहा घेताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांचा श्वास रात्री मध्येच थांबतो हो. मी मोजते. वीस-वीस आकड्यांपर्यंत काही हालचालच नसते. मग एकदम दचकल्यासारखे करून श्वास घेतात. मी रात्रभर जागीच असते."

मी उत्तर दिले, "वहिनी, डायलिसिसचा थकवा असतो तो. तुम्ही उगाच काळजी करता."

आमच्या कचेरीत एखाद्या तक्रारीवर कार्यवाही करावयाची नसली म्हणजे तिच्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतात. त्या दिवशी मी वहिनींच्या तक्रारीवर तोच शेरा मारला. त्यांनी ती पुढे दोन-तीनदा मांडली आणि मग सोडून दिली. या गोष्टीला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांविषयी पुढे बोलेन. आधी थोडा हिशेब मांडतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकून बाकीचा शरीराला परत करतात. हे काम अहोरात्र चालते. आठवड्याचे तास १६८. डायलिसिसचे यंत्र हे काम आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे एकूण १२ तास करते. उरलेले १५६ तास शरीरात पाणी, मीठ आणि विषारी द्रव्ये साठत राहतात. त्या १५६ तासांतले पन्नासएक तास झोपेचे. आम्ही घरची माणसे, आणि खरे तर बहुतेक सर्वच जण, त्या १२ तासांचा हिशेब चोख ठेवतो. वजन किती होते, किती उतरले, रक्तदाब किती, सारे वहीत लिहितो. रात्रीच्या पन्नास तासांचे पान मात्र कोरेच राहते.

डायलिसिसची कथा मोठी रोमहर्षक आहे. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्याच्या यंत्रावर पहिला रुग्ण जगला तो १९४५ साली. परंतु हा उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवण्याची सोय झाली ती १९६० साली, अमेरिकेतील सिॲटल येथे. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या रुग्णाच्या हातात कायम ठेवण्याची युक्ती काढली आणि क्लाइड शील्ड्स नावाचा बोइंग कारखान्यातला एक कामगार हा दीर्घकालीन डायलिसिसचा पहिला मानकरी ठरला. विमानाच्या कारखान्यातले कितीतरी कामगार-कारागीर आपल्या या शहरातही आहेत, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. काही आठवड्यांचा सोबती समजला गेलेला हा गृहस्थ पुढे अकरा वर्षे जगला. १९७१ साली तो गेला, आणि गेला तो हृदयविकाराच्या झटक्याने.

पहिल्याच रुग्णाच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नव्हते. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. मूत्रपिंडाचे काम यंत्र अंशतः करते. त्या व्यवस्थेचा भार मात्र हृदयाला सोसावा लागतो.

आपल्या देशात डायलिसिस हा शब्द घरोघर पोहोचला तो लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली, चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. पुढील जवळजवळ चार वर्षे ते त्या आधारावर जगले. १९७७ ची निवडणूक त्यांनी याच अवस्थेत पाहिली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे देहावसान झाले. मूत्रपिंडांच्या जोडीला मधुमेह आणि हृदयविकार यांनीही त्यांना ग्रासलेले होते. त्या काळी निजलेल्या माणसाच्या श्वासाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष नुकतेच कुठे वळू लागले होते.

वस्तुतः निजलेल्या माणसाचे निरीक्षण आपल्या परंपरेला नवे नाही. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात 'निद्रानिरूपण' नावाचा एक समासच घातला आहे. तो वाचून हसू येते. घोरणे हा आपल्याकडे विनोदाचाच विषय. लग्नाच्या वऱ्हाडात कोण किती घोरले याची चर्चा दुसऱ्या दिवशी पंगतीत होते. या थट्टेमुळेच एक गंभीर आजार आपल्या डोळ्यांदेखत लपून राहतो.

त्या आजाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. 'ॲप्निया' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ श्वासरहित अवस्था. आपण त्याला 'श्वासखंड' म्हणू. झोपेत दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला की तो एक खंड धरतात. श्वास पुरता न थांबता फार क्षीण झाला तरी त्याचीही गणना होते. तासाला पाचपर्यंत असे प्रसंग सामान्य मानतात, पंधराच्या पुढे विकार मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र समजतात.

श्वास का थांबतो? कारणे दोन. पहिले कारण घशाचे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट मिटते. लठ्ठ माणसात हे चरबीमुळे घडते; परंतु डायलिसिसच्या रुग्णात अंगात साठलेले पाणी हे एक मोठे कारण असते. दिवसभर ते पायांत उतरलेले असते. रात्री माणूस आडवा झाला की ते वर मानेकडे सरकते आणि तेथील पेशी फुगून वाट अरुंद होते. दुसरे कारण मेंदूचे. रक्तात आम्ल साचले की शरीर जोरजोराने श्वास घेऊन त्याची भरपाई करते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरतो आणि मेंदूकडून येणारी श्वासाची आज्ञाच काही क्षण बंद पडते. डायलिसिसच्या रुग्णात ही दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. म्हणून हा विकार त्यांच्यात सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. अनेक पाहण्यांत तो निम्म्याच्या आसपास रुग्णांत दिसून आलेला आहे. आणखी एक फसवी गोष्ट अशी, की हे रुग्ण लठ्ठ असतीलच असे नाही, मोठ्याने घोरतीलच असेही नाही. आमचे दादा तर काटकुळे होते.

आता हृदयाकडे वळू. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तदाब चढतो, माणूस अर्धवट जागा होऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. त्याला स्वतःला यातले काहीच आठवत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाची ती विश्रांती. ज्याचा श्वास तासाला तीस वेळा थांबतो त्याच्या हृदयाला ही विश्रांती मिळत नाही. त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, ठोक्यांची लय बिघडू लागते. डायलिसिसवरील हृदय आधीच पाण्याने, रक्तदाबाने आणि पांडुरोगाने शिणलेले. त्यावर ही रात्रपाळी. इटलीतील कॅलाब्रिया प्रांतातील डॉ. झोकाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, डायलिसिसच्या ज्या रुग्णांचा प्राणवायू रात्री उतरतो त्यांना पुढे हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या व्याधी अधिक प्रमाणात जडतात.

याच्या आदल्याच वर्षी, २००१ साली, कॅनडातील टोरांटो येथून एक आशादायक वार्ता आली होती. तेथील डॉ. हॅन्ली आणि डॉ. पिएराटोस यांनी चौदा रुग्णांना दिवसाच्या नेहमीच्या डायलिसिसवरून रात्री, झोपेत, संथपणे अनेक तास चालणाऱ्या डायलिसिसवर नेले. त्यांचे श्वासखंड तासाला सरासरी २५ होते ते ८ वर आले. रक्त अधिक शुद्ध झाले आणि पाणी अधिक निघाले, की झोपेतला श्वासही सुधारतो, हा त्याचा इत्यर्थ. तशी रात्रीची सोय आपल्याकडे फार थोड्यांना लाभते हे खरे. आपल्याकडे खर्चापायी आठवड्याला तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत. २०१६ साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना विनामूल्य डायलिसिसची सोय होऊ लागली, ही मोठी गोष्ट होय. तरीही टोरांटोचा धडा साध्या मार्गानेही गिरवता येतो, आणि तो म्हणजे अंगात पाणी साठू न देणे.

आता त्या आठ महिन्यांच्या अखेरीकडे येतो. शनिवारचे डायलिसिस झाले की पुढचे मंगळवारी. ही आठवड्यातली सर्वांत लांब खंडाची वेळ. अमेरिकेतील बत्तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते, की या लांब खंडाच्या शेवटी मृत्यू आणि हृदयाचे झटके यांचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा वाढते. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. आदल्या रविवारी घरी पाहुणे होते, जेवणात लोणचे-पापड होते, आग्रहाने दोन वाट्या कढी झाली होती. सोमवारी उत्तररात्री तीनच्या सुमारास वहिनींनी दार ठोठावले. दादा अंथरुणात उठून बसले होते, श्वास लागत नव्हता, ओठ काळसर पडले होते. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. फुप्फुसांत पाणी उतरले होते आणि हृदयाची लय बिघडली होती. तातडीने डायलिसिस करून त्यांना वाचवले.

तेथे रात्रपाळीला एक तरुण कन्नड डॉक्टर होत्या. दादा थोडे सावरल्यावर त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "हे रात्री कसे झोपतात?" मी म्हणालो, "ठीक झोपतात." माझ्या शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि कन्नड जेमतेम भाजीपुरते. पण प्रश्न त्यांना उमगला असावा. त्यांनी हाताने मला थांबवले, स्वतः डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि थांबल्या. बोटांवर मोजू लागल्या. वीसपर्यंत मोजून त्यांनी दचकून श्वास घेतला आणि डोळे उघडले. डॉक्टर म्हणाल्या, "गोरके?" म्हणजे घोरणे. आपल्या घोरण्याची जणू बहीणच. वहिनींनी मान हलवली.

त्या दोघींना माझी गरज पडली नाही. जी गोष्ट आठ महिने माझ्या घरात, माझ्याच भाषेत मला सांगितली जात होती, ती डॉक्टरांनी एका मिनिटात, भाषेवाचून समजून घेतली.

पुढे रात्रीचे निद्रापरीक्षण झाले. अंगाला तारा लावून श्वास, प्राणवायू, हृदयाची लय आणि मेंदूच्या लहरी यांची रात्रभर नोंद करतात. आपल्या या बंगळूरमध्ये निम्हान्ससारख्या संस्थेत निद्रेचा शास्त्रीय अभ्यास अनेक वर्षे चालत आला आहे आणि निद्रापरीक्षण करणारी रुग्णालयेही पुष्कळ आहेत, हे मला तेव्हाच कळले. दादांचे श्वासखंड निघाले तासाला ३८.

उपचार चार अंगांनी झाला. डॉक्टरांनी त्यांचे 'कोरडे वजन', म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरावयाचे वजन, नव्याने ठरवले. ते पूर्वी जरा जास्त धरले गेले होते. मिठावर कडक बंधन आले, कारण मीठ पोटात गेले की तहान लागणारच, आणि नुसते पाणी बंद करून ती भागत नाही. कुशीवर व उशाशी उंच करून निजण्याची सवय लावली. आणि 'सी-पॅप' नावाचे यंत्र आणले. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेली ही युक्ती. नाकावरील मुखवट्यातून हवेचा मंद दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवावयाची. दादांनी पहिले दोन आठवडे त्या मुखवट्याचा मनस्वी तिटकारा केला. "सोंग घेतल्यासारखे वाटते," म्हणत. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सोंग घ्या, म्हणजे मला झोप मिळेल." त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही.

महिन्याभरात दादा दुपारी वर्तमानपत्र अग्रलेखासह पुरते वाचू लागले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे यंत्र म्हणजे संजीवनी नव्हे. हृदयविकार व श्वासखंड दोन्ही असलेल्या सुमारे सत्तावीसशे रुग्णांवर, भारतासह सात देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. यंत्राने दिवसाची पेंग कमी झाली, मन प्रसन्न झाले. परंतु हृदयाचे झटके कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी तीन-साडेतीन तासच वापरले होते, हेही लक्षात घ्यावयास हवे. ते रुग्ण डायलिसिसचे नव्हते. तेव्हा यंत्र लावले की हृदय सुरक्षित झाले, असे कोणी समजू नये. दादा त्यानंतर तीन वर्षे आणि काही महिने जगले. ती वर्षे यंत्राने दिली, मिठाच्या बंधनाने दिली की दैवाने, हे मी सांगू शकत नाही. ती वर्षे त्यांनी जागेपणी घालवली, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो. नातवाला त्यांनी दूरध्वनीवरून त्रैराशिक शिकवले. २०२२ साली ते गेले.

आता आपल्या घरांपुरत्या चार गोष्टी सांगतो. डायलिसिसवरील माणूस दिवसा सारखा पेंगत असेल, सकाळी डोके दुखत असेल, रात्री दचकून उठत असेल, किंवा त्याचा श्वास थांबल्याचे कोणी पाहिले असेल, तर 'थकवा आहे' म्हणून सोडून देऊ नका. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा. दोन डायलिसिसांच्या मधले वजन रोज सकाळी पाहा. एक किलो वाढले म्हणजे अंगात सुमारे एक लिटर पाणी साठले. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी परस्पर देऊ नका. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडून श्वासखंड वाढू शकतात. आणि आग्रह आवरा. लोणचे, पापड, सांडगे, मेतकूट हे आपले वैभव खरे. परंतु अशा पाहुण्याच्या पानात ते वाढणे म्हणजे पाहुणचार नव्हे. येथील रस्तोरस्ती मिळणारे शहाळ्याचे पाणीसुद्धा, त्यातील पोटॅशियममुळे, अशा रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकते.

पाचवी गोष्ट मंडळासाठी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, त्यांना गणपती, वाचनालय आणि मराठी नाटक यांची उणीव जाणवली होती. आज आपल्या घरांत गावाकडून आणलेले वृद्ध आईवडील, काका, वहिनी आहेत. त्यांच्यापाशी अनुभव आहे, निरीक्षण आहे. डॉक्टरांच्या खोलीत ते मांडण्यासाठी भाषा नाही. आणि ज्यांना भाषा येते ते माझ्यासारखे अधिकारी आपल्याच मताचे भाषांतर करून मोकळे होतात. माझी सूचना अशी, की मंडळाने कन्नड जाणणाऱ्या आठ-दहा सभासदांची एक यादी करावी. ज्या घरी असा रुग्ण असेल तेथे त्यांनी जावे, रात्री जागणाऱ्या बाईमाणसाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, आणि ते जसेच्या तसे डॉक्टरांच्या कानी घालावे. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.

वहिनी आज या सभागृहात मागच्या रांगेत बसल्या आहेत. आठ महिन्यांची ती खर्चाची बाजू माझ्या वहीत तशीच राहणार. तिची वजावट कोणत्याही नियमात बसत नाही. दप्तरी दाखल केलेली ती तक्रार मी आज आपणा सर्वांसमक्ष पुन्हा उघडली, एवढेच माझ्या हाती होते.